एकच नाव

अरुलचा फोन आला तेव्हा मी आमच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दह्याचा मोठा डबा हातात घेऊन उभी होते. "दही घेऊ नकोस," तो म्हणाला. मी म्हटलं, अरे, आज मामांना घरी सोडणार ना, ताकाशिवाय त्यांचं जेवण होतं का कधी? पलीकडे नुसता हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा आवाज... आणि मग, "अप्पा गेले, नीलू." मी डबा परत फ्रिजमध्ये ठेवला, दुकानदाराला "खलास, कुछ नहीं चाहिए" म्हटलं आणि वर आले. लिफ्टमध्ये माझ्या मनात पहिला विचार काय यावा? बिचारे सुटले, असा नाही. आता ही गोष्ट मला एकटीलाच माहीत आहे, असा आला. ती गोष्ट सांगायलाच हा लेख लिहायला घेतलाय. सासऱ्यांवर सुनेनं लिहायचं म्हणजे चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे. ते मी लिहीनच, कारण माणूस खरोखर मोठा होता. पण तेवढेच लिहून थांबले तर मला माझंच तोंड आरशात बघवणार नाही.

माझे सासरे श्रीलंकेचे, तमिळ. मी मिरजेची. अरुल पुण्याला शिकायला आला होता, तिथे आमचं जमलं आणि लग्नानंतर त्याच्या बँकेतल्या नोकरीपायी आम्ही रियाधला आलो. मी इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. मिरजेला आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि तमिळमध्येही सून सासऱ्यांना मामाच म्हणते, त्यामुळे निदान हाक मारण्यावरून तरी घरात कधी घोळ झाला नाही. सासूबाई गेल्यावर मामा आमच्याकडे आले ते व्हिजिट व्हिसावर, आणि तो व्हिसा वाढवायला दर काही महिन्यांनी त्यांना घेऊन बहारीनच्या पुलावर जायचं, शिक्का मारून परत यायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम झाला. मामा गाडीत पुढे बसून वाळूकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "नीलिमा, माझ्या देशात मी परका आहे हे सिद्ध करायला त्यांना फार कष्ट पडले. इथे बघ, एका शिक्क्यात काम होतं." असं बोलून ते स्वतःच हसत. मला हसू यायचं नाही, पण ते हसले की हसावं लागायचं.

मामा तिथल्या संसदेत खासदार होते. एक-दोन वर्षं नव्हे, उभी उमेद त्यांनी त्या सभागृहात घालवली. इथल्या भारतीय मंडळींना हे सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायचंच नाही. रियाधमध्ये श्रीलंकेचा माणूस म्हणजे घरचा ड्रायव्हर नाहीतर घरकाम करणारी बाई, एवढीच आपल्या लोकांची समजूत. आमच्याच एका ओळखीच्या बाईंनी, चांगल्या डॉक्टरची बायको, मामांना विचारलं होतं, "अंकल, कोई अच्छी मेड मिलेगी क्या आपके पहचान में?" मामांना हिंदी येत नव्हती. मी भाषांतर करताना शब्द बदलायला बघत होते, तर त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. "चौकशी करतो म्हणून सांग," म्हणाले. मला त्या दिवशी फार लाज वाटली. लाज म्हणजे काय असते ते मला त्या वेळी खरं कळलं नव्हतं, हे आता कळतंय.

उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावातले मामा. तिथल्या शाळेत मास्तर होते, मग वकील झाले, मग लोकांनी निवडून दिलं. इंग्रजी उत्तम, सिंहला त्याहून उत्तम, पण सभागृहात ते तमिळमध्येच बोलायचे. दुभाष्यानं कानात बोलावं आणि समोरच्यानं कानाला यंत्र लावावं, एवढा त्रास तरी त्यांनी माझ्यासाठी घ्यावा, असं म्हणायचे. पण समोरचे यंत्र लावायचेच नाहीत. मामा उभे राहिले की निम्मं सभागृह चहाला जायचं. हळूहळू त्यांच्या बाजूचे बाकही रिकामे होत गेले. कोणी परदेशी गेले, कोणी सरकारात गेले, आणि दोघांना तर त्यांच्या घराच्या दारातच गोळ्या घातल्या. एकाला सरकारी बाजूच्यांनी, एकाला आपल्याच तमिळ बंडखोर पोरांनी, असं मामा सांगायचे, आणि कुठलं जास्त लागलं ते सांगायचे नाहीत. त्यांनाही उपमंत्रिपद देऊ केलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. गावाहून राजधानीला जायचा रस्ता बंद असला तर मिळेल त्या बोटीनं जायचे, कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, आणि हातात एक जुनी कातडी बॅग. आवाज मात्र अगदी बारीक. हा माणूस सभेत बोलत असेल यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता.

त्यांची संसदेतली ओळख एकाच गोष्टीसाठी होती. देशात आणीबाणी होती आणि ती वाढवायचा ठराव दर महिन्याला सभागृहात येई. त्या आणीबाणीखाली कोणालाही उचलून कोर्टासमोर न आणता आत ठेवता येत असे. ठराव आवाजी मतदानानं मंजूर व्हायचा. सभापती म्हणायचे, होकाराचा आवाज मोठा आहे, आणि पुढच्या कामाकडे वळायचे. तेवढ्यात मामा उठून म्हणायचे, नावानिशी मतं घ्या. असं एका सभासदानं म्हटलं की नियमानं घंटा वाजवावी लागते, चहाला गेलेल्यांना परत यावं लागतं, आणि मग एकेकाचं नाव पुकारलं जातं आणि ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं हो की नाही सांगायचं. मामा प्रत्येक वेळी हरायचे. त्यांच्या बाजूनं मूठभर मतं, विरुद्ध सगळं सभागृह. लोक वैतागायचे, म्हणायचे, माणिक्कराजा, आमचा चहा गार करून तुम्हाला काय मिळतं? "हरायचंच आहे तर नावानिशी हरू," ते म्हणायचे. "उद्या कोणी विचारलं की हे कोणी केलं, तर 'सभागृहानं केलं' असं उत्तर मिळता कामा नये. सभागृह नावाचा माणूस मला आजवर भेटलेला नाही."

हीच पद्धत त्यांनी आमच्या घरात आणली. सुट्टीत कुठे जायचं, शुक्रवारी बिर्याणी मागवायची की घरी इडली करायची, मांजर पाळायचं की नाही... काहीही ठरवायचं असलं की मामा म्हणायचे, नावानिशी. स्वयंपाकघरात माझा एक पिवळा टायमर आहे, लिंबाच्या आकाराचा, पीळ देऊन फिरवायचा. तो आमची घंटा झाला. माझी लेक यामिनी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल, ती सभापती. सभापतीला मत नाही, फक्त बरोबरी झाली तर. मामा स्वतः कधी सभापती झाले नाहीत. टायमर वाजला की सगळ्यांनी हॉलमध्ये यायचं आणि यामिनी वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून नावं पुकारायची. "ताता?" म्हणजे आजोबा, मग "अप्पा?" मग "ममा?" आणि शेवटी धाकटा कविन. पोरं एरवी आमच्याशी इंग्लिशमध्येच बोलतात, पण त्या वेळी उत्तर ज्यानं त्यानं आपल्या भाषेत द्यायचं असा नियम होता. मी "नाही" म्हणायचे, मामा "इल्लै". मांजर हरलं. कविन रडला, तर मामा त्याला म्हणाले, रडू नकोस, तुझं नाव लागलं ना, पुढच्या महिन्यात परत ठराव आण. त्यानं आणला. शेवटी मांजर आलंच.

या पद्धतीपायी आमच्या इथल्या मराठी मंडळातून माझं नाव जवळजवळ कटलं. शहराबाहेरच्या एका भाड्याच्या बागेत मंडळाची वार्षिक सभा होती. मामा आमच्याबरोबर आले होते. अध्यक्षांनी सहलीचा एक महागडा बेत मांडला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "तर मग सर्वानुमते मंजूर." मामांना मराठीचं 'बरं', 'पुरे' आणि 'असू दे' याच्यापलीकडे काही येत नव्हतं, पण तो सूर त्यांनी बरोबर ओळखला. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "नीलिमा, उठ. नावं मागून घे." मी म्हटलं, मामा, हे पार्लमेंट नाही. "सगळीकडे तेच असतं," ते म्हणाले. मी उठले. मला मुळात भांडायला फार लागत नाही, अरुल म्हणतो तुला फक्त जागा दाखवावी लागते. नावं घेतली तर निम्म्याहून जास्त लोक विरुद्ध निघाले, आणि त्यातले दोघं तर व्यासपीठावरच बसले होते. अध्यक्ष अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. येताना गाडीत मामा इतके खूश होते की मी त्यांना म्हटलं, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मतदान जिंकलात. तर एकदम गप्प झाले. मला वाटलं, दमले असतील.

आता सेल्वीबद्दल. सेल्वी इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, मामांच्याच गावची. मला अक्का म्हणते, अरुलला अण्णा. ती आणि मी इंग्लिशमध्ये बोलतो, अडलं की माझं स्वयंपाकघरातलं तमिळ. तिचा थोरला भाऊ कुमारन, अरुलच्या वयाचा. राजधानीत मामांच्या भाड्याच्या घरात गावाकडची चार-पाच मुलं शिकायला राहायची, त्यांत तो होता. त्याच्या आईनं त्याला मामांच्या हातात दिला होता, अय्या, तुमच्या भरवशावर पाठवते, असं म्हणून. एका पहाटे पोलिसांनी त्या घरातली सगळी मुलं उचलली, अरुलसकट. अरुल काही दिवसांत घरी आला आणि त्याला लगोलग पुण्याला पाठवण्यात आलं. बाकीचे मागाहून एकेक करत सुटले. कुमारन आला नाही. त्याचं काय झालं हे कोणीही कधीही सांगितलं नाही. सेल्वी तेव्हा लहान होती. पुढे मामांनी सभागृहात प्रत्येक अधिवेशनात कुमारनबद्दल प्रश्न विचारला, त्याचं नाव घेऊन, निवडणूक हरेपर्यंत. सेल्वीच्या घरी मामा म्हणजे देव. शुक्रवारी सुट्टी असली की ती डबा घेऊन यायची, मामांच्या पाया पडायची. आणि मामा... सेल्वी आली की मामा सोफ्यावर बसायचे नाहीत. जेवणाच्या टेबलाची एक ताठ खुर्ची ओढून तिच्यावर बसायचे, आणि तिनं आणलेलं मान खाली घालून खायचे. मी समजायचे, जुन्या काळचा माणूस, परक्या बाईसमोर अवघडतो.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या छातीत पाणी झालं. हॉस्पिटलच्या चकरा सुरू झाल्या. एका दुपारी जेवणं उरकून मी त्यांच्या खोलीत औषध द्यायला गेले, तर त्यांनी मला बसायला सांगितलं. "तुला एक सांगायचंय. अरुलला सांगत नाही, कारण तो मला माफ करेल, आणि मला ते नकोय." मी म्हटलं, असं काय बोलता? ते बोलत राहिले. मुलांना उचललं त्याच महिन्यात ठराव यायचा होता. प्रेक्षकांच्या गॅलरीत परदेशी पाहुणे बसणार होते आणि सरकारला ठराव आवाज न होता मंजूर व्हायला हवा होता. एक मंत्री, मामांच्याच बरोबर वकिली केलेला, कँटीनमध्ये त्यांच्या समोर येऊन बसला. म्हणाला, माणिक्कराजा, उद्या तुम्ही उठू नका. मुलाचं आम्ही बघतो. आणि त्यानं खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "नाव सांगा."

"मी एकच नाव सांगितलं, नीलिमा."

गोळी माझ्या हातातच राहिली होती. ते म्हणाले, "त्यानं 'नाव' म्हटलं होतं की 'नावं' म्हटलं होतं, यावर मी इतकी वर्षं विचार केला. त्याला काही अर्थ नाही. पाच सांगितली असती तर कदाचित त्यानं पेन खिशात ठेवलं असतं. कदाचित ठेवलंही नसतं. मी विचारून बघितलं नाही. मला भीती वाटली की पाच मागितली तर एकही मिळणार नाही." दुसऱ्या दिवशी ठराव आला. सभापतींनी होकाराचा आवाज मोठा असल्याचं सांगितलं आणि सवयीनं मामांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मामा बसून राहिले. त्या महिन्यात घंटा वाजली नाही. "ठराव तसाही मंजूर झाला असता," मी म्हटलं. मला त्यांना बरं वाटावं असं काहीतरी म्हणायचं होतं. "हो," ते म्हणाले, "ते मीही स्वतःला सांगितलं. पुष्कळ वेळा." मग म्हणाले, "आमच्याकडे सभासदानं चुकीचं काही नोंदवलं असेल तर तो उठून खुलासा करू शकतो. मी कधी उठलो नाही. त्या पोरीनं आणलेलं खात बसलो." सेल्वीला सांग असं ते म्हणाले नाहीत. सांगू नकोस असंही म्हणाले नाहीत. माझ्या हातातून गोळी घेतली, पाणी प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यानंतर काही आठवड्यांत गेले. आमच्यात दहन करायचं तर इथे सोय नाही, पार्थिव मायदेशीच न्यावं लागतं. वकिलातीचे कागद, अरुलच्या बँकेचं पत्र, या खिडकीतून त्या खिडकीत... सगळं करून अरुल शवपेटीबरोबर गेला. यामिनीची बोर्डाची परीक्षा होती म्हणून मी मुलांजवळ राहिले. तो क्रियाकर्म उरकून परत आला आणि त्यानंतर तिथल्या संसदेत मामांच्या नावानं शोकप्रस्ताव आला. माजी सभासद गेला की असा प्रस्ताव येतो, दोन्ही बाजूंचे लोक उठून चांगलं बोलतात. मामा स्वतः अशा प्रस्तावांवर हटकून बोलायचे, ज्यांनी जन्मभर त्यांच्या विरुद्ध मत दिलं त्यांच्यावरही. शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर आम्ही ते रेकॉर्डिंग लावलं. सेल्वी आली होती, डबा घेऊन, सवयीनं. सरकारी बाजूचा एक तरुण खासदार उठला. बोलला छान. म्हणाला, या माणसानं एकही ठराव नावं घेतल्याशिवाय जाऊ दिला नाही, एकही महिना चुकवला नाही, आपला मुलगा कोठडीत असतानासुद्धा. सेल्वी रडत होती आणि मान हलवत होती, हो, हो, असंच. अरुल समोरच्या गालिच्याकडे बघत होता. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मी काही गुन्हा केलेला नव्हता. तरी मला त्या हॉलमध्ये परत जाववेना. ज्या नवऱ्याला मी चहा नेणार होते, जी पोरं तिथे बसली होती, हे घर, माझं सगळं आयुष्य... ते सगळं त्या एका नावावर उभं होतं. आणि ज्याचं नाव घेतलं गेलं नाही त्याची बहीण माझ्या सोफ्यावर बसून माझ्या सासऱ्यांसाठी डोळे पुसत होती.

सेल्वी गेल्यावर मी अरुलला सांगितलं. मुलं तिथेच होती, मी त्यांना आत जा म्हटलं नाही. अरुलला धक्का बसेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं." मग म्हणाला, "मी विचारलं नाही, एवढंच." मी फार चिडले. मला सांगायला काय झालं होतं, इतकी वर्षं एका घरात राहिलो, वगैरे. आमचा आवाज चढला. म्हणजे माझा चढला, त्याचा चढत नाही. आता सेल्वीला सांगायचं की नाही, यावर आम्ही आलो. तो म्हणाला, सांगायला हवं. मी म्हटलं, कशाला? माणूस गेला. तिच्याकडे तेवढा एक आधार आहे, तोही काढून घ्यायचा? मी पुष्कळ आणि पटेल असं बोलले. मला बोलता येतं. तेवढ्यात टायमरचा आवाज आला. यामिनी कधी उठून स्वयंपाकघरात गेली होती ते कळलंच नाही. तो पिवळा टायमर हातात घेऊन ती दारात उभी होती. "नावानिशी," ती म्हणाली. चक्क मराठीत.

कोणी हसलं नाही. आम्ही बसलो. तिनं सवयीनं सुरुवात केली, "ताता?" आणि थांबली. मामांची ताठ खुर्ची टेबलाशी तशीच होती. तिनं जरा वाट बघितली, जसं काही खरंच उत्तर येणार होतं, आणि मग हळू म्हणाली, "अ‍ॅबसेंट." पुढे "अप्पा?" अरुल म्हणाला, "आमाम." म्हणजे हो. मग माझं नाव आलं.

इथे लिहायला हवं म्हणून लिहिते, नावानिशी. मी नाही म्हटलं. मंडळाच्या सभेत भर बागेत उठून नावं मागणारी मी, माझ्या हॉलमध्ये माझ्याच मुलीनं नाव पुकारल्यावर "नाही" म्हटलं, आणि ते सेल्वीच्या काळजीपोटी नव्हतं. ती येणं बंद करेल, तिच्या ओळखीत बोभाटा होईल, माझ्या नवऱ्याकडे लोक कशा नजरेनं बघतील, यापोटी होतं. कविन उरला होता. बारा वर्षांचा आहे, सेल्वीच्या मुरुक्कूवर, म्हणजे त्यांच्याकडच्या चकलीवर, जीव आहे त्याचा. मला वाटलं, हा माझ्या बाजूनं येणार. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो. इट्स हर ब्रदर, ममा." मी हरले.

पुढच्या शुक्रवारी अरुलनं तिला सांगितलं. तमिळमध्ये. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण तो गोष्टीत कुठे आला आहे ते कळत होतं. सेल्वी हातातला डबा न उघडता ऐकत होती. त्याचं बोलून झाल्यावर तिनं मामांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ती म्हणाली, "अण्णा, तुझं नाव पुकारलं तेव्हा कुमारन कुठे होता?" अरुलनं माझ्याकडे बघितलं. हे तो मलाही कधी बोलला नव्हता. म्हणाला, माझ्या शेजारी. आम्ही सगळे एका मोठ्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. पोलीस चिठ्ठी घेऊन आला, माझं नाव वाचलं. मी उठलो, तर कुमारनही उठला. सरम, म्हणजे लुंगी, झटकून उभा राहिला. त्याला वाटलं, पुढचं नाव त्याचंच असणार. पोलिसानं त्याला हातानं खाली बस म्हणून खूण केली. तेव्हा तो मला म्हणाला, "तू हो पुढे. अय्या गडबडीत माझं नाव विसरले असतील. त्यांना आठवण कर."

"मग?" सेल्वी म्हणाली.

"मी घरी आलो. अप्पांना म्हटलं, कुमारनही तिथेच आहे. ते म्हणाले, माहीत आहे. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही."

सेल्वीनं हातातला डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तो बसला मग." अरुल म्हणाला, "बसला." ती उठली, पर्स खांद्याला लावली. मी दारापर्यंत गेले, म्हटलं, सेल्वी, जेवून जा. काय पण सुचलं मला त्या वेळी. ती म्हणाली, "नको अक्का," आणि गेली. डबा टेबलावर राहिला. आम्ही कोणी त्याला हात लावला नाही, आणि शेवटी मी तो धुऊन ठेवला.

पुढचे शुक्रवार ती आली नाही. हा लेख लिहायला बसण्याआधी मी तिला फोन केला. उचलेल असं वाटलं नव्हतं, पण उचलला. मी म्हटलं, मामांवर लिहिते आहे, हेही लिहू का? तू नको म्हणालीस तर लिहिणार नाही. ती ड्यूटीवर होती, मागे कोणीतरी तिला हाका मारत होतं. म्हणाली, "लिहा. अय्यांनी इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं तेही लिहा, ते खोटं नव्हतं." मग जरा थांबून, "पण त्याचं नाव पूर्ण लिहा, अक्का. सगळे नुसतं कुमारन म्हणतात." पुन्हा येशील का, हे मी विचारलं नाही. तिचा धुतलेला डबा दाराजवळच्या कपाटावर आहे.

मामांची खोली आता यामिनीला दिली आहे. वेष्ट्या, चष्मा, मुरुगन देवाची तसबीर, सगळं अरुलनं गावी नेलं. इथे राहिला तो फक्त टायमर. परवा कविननं दुसरं मांजर आणायचा ठराव मांडला. घंटा झाली, आम्ही हॉलमध्ये आलो, आणि यामिनी परत सवयीनं "ताता?" म्हणून गेली. अरुल तिला म्हणाला, असू दे, पुकारत जा. ती पुकारते, आम्ही थांबतो, आणि मग बाकीच्यांची नावं येतात. त्या थांबण्यात मला दर वेळी ती मोठी खोली दिसते आणि सरम झटकून उभा राहिलेला, पुढचं नाव आपलंच आहे अशी खात्री असलेला एक पोरगा दिसतो.

त्याचं नाव कुमारन तंबीराजा.